शिबिरातील पहिला दिवस

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी व्यवसायाने कापड व्यापारी. मीटरपट्टी आणि कात्री यांच्याशी माझा जितका परिचय आहे, तितका व्यासपीठाशी नाही. तरीही आज चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मी स्वतःहून मागून घेतली. त्याचे कारण प्रथम सांगतो.

आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीचे काम मी काही वर्षांपासून पाहत आहे. यंदा हिवाळ्याच्या प्रारंभी चार पालक मला दुकानावर येऊन भेटले. त्यांच्या मुलामुलींची महाविद्यालयीन शिबिरे जवळ आली होती. कोणाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे, कोणाचे वनस्पतिशास्त्राच्या क्षेत्र-अभ्यासाचे. चौघांचीही विनंती एकच होती : "काकाजी, आपली ओळख आहे, मुलाला शिबिरातून तेवढी सूट मिळवून द्या." थंडी, खेड्यातील पाणी, उघड्यावरचा मुक्काम, जेवणाची वेळ, अभ्यासाचे नुकसान ही कारणे त्यांनी मांडली. त्यांतील एकही कारण खोटे नव्हते. तरीही मी चौघांनाही नकार दिला. त्या नकाराचे स्पष्टीकरण देणे माझ्यावर बाकी आहे आणि हिशेब बाकी ठेवणे व्यापाऱ्याला शोभत नाही.

गोष्ट डिसेंबर 1978 मधील आहे. मी वर्ध्यात बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या काळी राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर दहा दिवसांचे असे. आज ते सात दिवसांचे असते. आमचे शिबिर आजच्या सेलू तालुक्यातील, बोर नदीकाठच्या एका लहानशा गावी होते. माझ्या मातोश्रींनी दोन दिवस आधीपासून डबे भरले. वडिलांनी एकच वाक्य उच्चारले, "दुकानाचा मुलगा आहेस, कोणाशी वाद घालू नकोस."

आम्ही एस.टी.च्या लाल गाडीतून फाट्यावर उतरलो आणि सामान डोक्यावर घेऊन पायी निघालो. मी नवीन टेरिकॉटची पँट इस्त्री करून घातली होती. दोन्ही बाजूंना परहाटीची शेते होती, बोंडे फुटून पांढरी झालेली. गावात पोहोचेपर्यंत माझ्या पँटच्या घड्या मोडल्या होत्या आणि बुटांत काळी माती शिरली होती. मुलींची व्यवस्था शाळेच्या खोलीत होती. मुलांसाठी शाळेमागच्या पडीक जागेत भाड्याने आणलेल्या राहुट्या उभारावयाच्या होत्या.

राहुटी उभारणे हा आमचा पहिला धडा ठरला. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि हिवाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वरवर ती टणक दिसते, परंतु ठोकलेली खुंटी नेमकी भेगेत गेली की हाताने उपसून येते. कापडाच्या दुकानात वाढलेल्या मला राहुटीचे कापड कोणत्या वजनाचे आहे, हे हाताने चाचपून सांगता येत होते. ती उभी करता मात्र येत नव्हती. दोनदा आमची राहुटी आमच्याच अंगावर कोसळली. शेवटी गावातील एक दहा-बारा वर्षांचा मुलगा हसत पुढे आला. त्याने भेगा सोडून जागा निवडल्या, खुंट्या तिरप्या ठोकल्या आणि वाऱ्याची दिशा पाहून दाराचे तोंड फिरविले. वीस महाविद्यालयीन विद्यार्थी उभे राहून पाहत होते.

दुपारी श्रमदान झाले. सार्वजनिक विहिरीभोवती साचणाऱ्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा खोदावयाचा होता. अर्ध्या तासात हाताला फोड आले. त्यानंतर कार्यक्रम अधिकारी सरांनी आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना कुटुंब सर्वेक्षणाचे छापील तक्ते दिले. "तुम्हाला आकडे कळतात, तुम्ही घरोघरी जा," असे ते म्हणाले. मनातून मला आनंद झाला. फावड्यापेक्षा लेखणी बरी, असे वाटले.

माझ्या जोडीला समुद्रपूरकडचा, शेतकरी कुटुंबातील एक वर्गमित्र होता. तिसरे की चौथे घर असेल. बाहेर बंडी सोडलेली, ओसरीत वेचलेला कापूस साठवलेला. घरधन्याने आम्हाला बाजेवर बसविले. त्यांच्या पत्नीने गडव्यातून पाणी आणून दिले. माझी नजर सवयीने त्या माउलीच्या लुगड्याकडे गेली. त्याला किती ठिगळे होती, हे मी मोजले नाही. परंतु मूळ कापड कोणते आणि ठिगळ कोणते, हे ओळखणे कापडवाल्याच्या मुलालाही कठीण होते. घरात कापसाचा ढीग आणि अंगावर ते लुगडे, हे दृश्य मी प्रथमच पाहत होतो. आमच्या दुकानात येणारे शेतकरी घरातील त्यातल्या त्यात बरे कपडे घालून येत असत, हे मला त्या दिवशी कळले.

तक्त्यातील रकाने मी भरू लागलो. कुटुंबातील माणसे सहा, जमीन पाच एकर कोरडवाहू, बैलजोडी एक. पुढचा रकाना कर्जाचा होता. ते म्हणाले, "सोसायटीचं हाये. अन् वर्ध्याच्या कापडवाल्याचे साडेत्र्याऐंशी रुपये हायेत. पोरीच्या लग्नात लुगडे-धोतरं आणले होते."

मी दुकानाचे नाव विचारले. त्यांनी आमच्या दुकानाचे नाव सांगितले.

मी मान खाली घालून आकडा लिहिला. तेवढ्यात ते उठले, आढ्याजवळ खोचलेले एक पोस्टकार्ड काढून आणले आणि माझ्या हाती देत म्हणाले, "बाबू, तू शिकलेला हायेस. येवढं वाचून दाखव बरं मले."

विद्यार्थी मित्रहो, ते पोस्टकार्ड माझ्या हस्ताक्षरातील होते. दिवाळीपूर्वी वडिलांच्या सांगण्यावरून मी एका बैठकीत तीसेक तगाद्याची कार्डे लिहिली होती. मजकूर सर्वांचा एकच, नाव आणि रक्कम तेवढी वेगळी. त्यात येणे रक्कम लिहून पुढे असे लिहिले होते की दिवाळीपूर्वी भरणा न केल्यास यापुढे उधारीचा व्यवहार बंद करण्यात येईल आणि ही गोष्ट गावातील इतर ग्राहकांनाही कळविण्यात येईल. ते शेवटचे वाक्य वडिलांनी सांगितलेले नव्हते. ते माझ्या वाणिज्य पत्रव्यवहाराच्या ज्ञानाचे फळ होते आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता.

मी कार्ड हाती घेतले आणि मोठ्याने वाचले, "आपल्याकडे साडेत्र्याऐंशी रुपये बाकी आहेत, सवडीने द्यावेत, लोभ असावा." एवढे वाचून कार्ड परत दिले. ते "बरं" म्हणाले. कार्ड पुन्हा आढ्याला खोचले. आम्ही उठून पुढच्या घरी गेलो.

शिबिरावर परत आलो तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. साठ जणांचा स्वयंपाक, ओली लाकडे आणि अननुभवी आचारी, त्यामुळे चूल नीट पेटेपर्यंत अंधार पडला. आमच्या घरी सूर्यास्तानंतर अन्न घेण्याची पद्धत नाही. त्या दिवशी मी पाणीही न घेता राहुटीत गेलो. हे सांगण्याचे कारण असे की उपस्थित पालकांपैकी अनेकांच्या मनात हीच शंका असते. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकगटाच्या प्रमुखाला अडचण सांगितली. त्याने एका शब्दानेही न कुरकुरता माझ्यासारख्या तिघांच्या भाकरी आणि वांग्याची भाजी रोज दिवसाउजेडी वेगळी काढून ठेविली. पहिल्या दिवशी मी उपाशी राहिलो तो शिबिरामुळे नव्हे, तोंड न उघडल्यामुळे.

त्या रात्री मात्र भूक ही माझी खरी अडचण नव्हती. राहुटीच्या खालून थंडी येत होती. सतरंजीवर सोलापुरी चादर आणि त्यावर वर्तमानपत्रे अंथरूनही जमिनीचा गारवा थांबत नव्हता. बोरचे जंगल फार दूर नव्हते, त्यामुळे रात्री एकट्याने बाहेर जाऊ नये, अशी ताकीद सरांनी दिली होती. शेजारी पडलेला माझा समुद्रपूरकडचा मित्र जागाच होता. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "तू जे वाचलं ते कार्डावर नव्हतं. मी मागून पाहिलं."

मी काही बोललो नाही. तो पुढे म्हणाला, "माझ्या बापालाही अशी कार्डं येतात. मीच वाचून दाखवतो. पण जसं लिहिलं असतं तसंच वाचतो. खोटं वाचलं तर त्याला तयारी कशी करता येईल?"

एवढे बोलून त्याने कूस बदलली. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. मी दया दाखविली, अशी माझी समजूत होती. वस्तुतः मी स्वतःची लाज झाकली होती आणि त्याचा भुर्दंड त्या गृहस्थाच्या माथी मारला होता. "सवडीने द्यावेत" या माझ्या शब्दांवर विसंबून ते राहिले असते आणि पुढच्या लग्नसराईत दुकानाने कापड नाकारले असते, तर तो दोष कोणाचा होता?

दुसऱ्या दिवशी पहाटे, प्रभातफेरी निघण्याआधी, मी त्यांच्या घरी गेलो. ते बैलांना वैरण टाकत होते. मी म्हणालो, "काका, काल मी कार्ड खरे वाचले नाही. पुन्हा वाचतो." आणि शेवटच्या वाक्यासह सारे कार्ड वाचले. नंतर सांगितले की ते अक्षर माझे आहे आणि दुकान माझ्या वडिलांचे आहे.

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "शेटजीचे पोरगे काय तुमी? बसा नं जी. ते कार्ड गुरुजीनं तवाच वाचून दाखवलं होतं मले. दिवाळीची तारीख निंगून गेली, म्हणून काही नवीन समजते का ते पाहाव म्हटलं. तुमी काल येगळंच वाचलं. मले वाटलं, पोराले वाचता येत नसन, काहून लाजवाव?"

काल "बाबू, तू" म्हणणारा वडीलधारा माणूस आज मला "तुमी" म्हणत होता. मला त्या बहुवचनाचे फार वाईट वाटले. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितले की दिवाळीपूर्वी पैसे देणे त्यांना शक्यच नव्हते. पहिली वेचणीच मुळी दिवाळीच्या सुमारास होते. राज्यात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली होती. कापूस केंद्रावर घातला तरी सर्व रक्कम एकदम हाती पडत नसे, चुकारे हप्त्याहप्त्याने होत. त्यातून प्रथम सोसायटीची कपात. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी पतपुरवठ्यावर लांबलचक उत्तरे लिहीत होतो. परंतु आमच्याच ग्राहकाच्या हाती पैसा कोणत्या महिन्यात येतो, हे मला ठाऊक नव्हते.

शिबिराहून परतल्यावर मी वडिलांना सारी हकीकत सांगितली, कार्डातील जास्तीच्या वाक्यासह. ते रागावतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी खतावणी काढली, ते पान उघडले आणि विचारले, "यांचा चुकारा केव्हा होतो?" मी सांगितले. त्यांनी खात्याच्या डोक्यावर ते स्वतःच्या हाताने लिहून ठेविले. मग म्हणाले, "बाकी सोडणार नाही, सोडली तर तो माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. पण ज्याला मागावयाचे त्याच्या हाती पैसा केव्हा येतो हे ज्याला माहीत नाही, त्याने तगादा लिहू नये. यापुढे कार्डे तू लिहायची नाहीत. मागायचे असेल तर जाऊन माग."

ते गृहस्थ फाल्गुनात स्वतः दुकानावर आले, पूर्ण रक्कम दिली आणि नातवासाठी कापड घेऊन गेले, तेही उधारीवर. वडील वारल्यानंतर मी दुकान सांभाळू लागलो, तेव्हाही खेड्यातील प्रत्येक खात्यावर चुकाऱ्याचा महिना लिहिण्याची पद्धत आम्ही सोडली नाही. आमची बुडीत बाकी त्यानंतर कमीच होत गेली. हे मी धर्मादाय म्हणून सांगत नाही, व्यापार म्हणून सांगत आहे.

बंधू-भगिनींनो, हा अनुभव माझा एकट्याचा असला तरी ही परंपरा आपल्या जिल्ह्याची आहे. 30 एप्रिल 1936 रोजी महात्मा गांधी वर्ध्याहून पायी शेगावला गेले. तेच आजचे सेवाग्राम. त्या वेळी तेथे आश्रमाच्या वास्तू नव्हत्या. पहिली वास्तू, आदि निवास, त्यानंतर उभी राहिली. गावाची मालगुजारी जमनालालजी बजाज यांच्याकडे होती. त्यांच्या एका शब्दावर पक्का बंगला उभा राहिला असता. परंतु स्थानिक साहित्य, स्थानिक मजूर आणि कमीत कमी खर्च हा गांधीजींचा आग्रह होता. सहासष्ट वर्षांच्या त्या पुरुषानेही खेडे समजून घेण्यासाठी खेड्यात मुक्कामच केला.

पुढच्याच वर्षी, 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी, वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यातून नई तालीमची योजना आकारास आली. हाताने केलेल्या कामातून शिक्षण, हे तिचे सूत्र. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामात ते काम वर्षानुवर्षे चालविले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, दोन गोष्टी घडल्या. 24 सप्टेंबर रोजी देशातील 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि त्याच वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. तेथे प्रवेश घेणारा विद्यार्थी प्रथम आश्रमातील पंधरा दिवसांच्या शिबिरात राहतो. नंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, त्या गावी पंधरा दिवस मुक्काम करते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबांची जबाबदारी सोपविली जाते. पुढे 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम देशभरातील वैद्यकीय अभ्यासक्रमात आणला. जी वाट आपल्या सेवाग्रामने दाखविली, तिच्यावर आज साऱ्या देशातील भावी डॉक्टर चालत आहेत. मग वर्ध्याच्याच पालकांनी आपल्या मुलासाठी सूट मागावी काय?

पालकांच्या काळज्या मी हसण्यावारी नेत नाही. मुलींच्या निवासाची व्यवस्था कशी आहे, सोबत शिक्षिका आहेत काय, पिण्याचे पाणी कोठून येते, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे, हे प्रश्न अवश्य विचारा. बोर परिसरात निसर्ग शिबिर असेल तर अधिक चौकशी करा. ते 1970 पासून अभयारण्य आहे आणि 2014 साली व्याघ्र प्रकल्प घोषित झाले. तेथे वन विभागाच्या नियमांबाहेर एक पाऊलही टाकता कामा नये. प्रश्न विचारणे हा आपला अधिकार आहे. परंतु उत्तरे समाधानकारक मिळाल्यावर मुलाला पाठविणे हे आपले कर्तव्य आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी तीन व्यवहारी सूचना. पहिली, सामान इतकेच न्या की स्वतः उचलून दोन किलोमीटर चालता येईल. पण अंथरूण जाड न्या, कारण थंडी वरून येते त्यापेक्षा खालून अधिक येते. दुसरी, अडचण असेल ती पहिल्याच सायंकाळी सांगा. भोजनाची असो, प्रकृतीची असो, भीतीची असो. आणि तिसरी, तुमच्या हाती आता कागदी तक्ता नसेल, भ्रमणध्वनी असेल; परंतु समोरच्या माणसाचे उत्तर पुरते ऐकल्याशिवाय रकाना भरू नका. कदाचित त्या रकान्यात तुमच्याच घराचे नाव निघेल.

राहुटी कशी ठोकावी, हे मला त्या दहा-बारा वर्षांच्या मुलाने शिकविले. पत्र कसे वाचावे, हे माझ्या वर्गमित्राने शिकविले. आणि समोरच्याची लाज कशी राखावी, हे एका निरक्षर शेतकऱ्याने शिकविले. हे तिन्ही गुरू मला एकाच दिवसात आणि एका रात्रीत भेटले. माझ्या वडिलांनी त्या वेळी माझ्यासाठी सूट मागितली असती, तर ती सहज मिळाली असती. दुकान तेव्हाही चालले असते, मात्र मी ती कार्डे जन्मभर लिहीत राहिलो असतो.

त्या चार पालकांपैकी तिघांनी आपल्या पाल्यांना पाठविण्याचे मान्य केले आहे. चौथे पालक आज येथे उपस्थित आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. निर्णय अर्थातच त्यांचा.